दुसऱ्याचा डोंगर

गाडीतून उतरल्याबरोबर हिरामण म्हणाला, "आलो एकदाचे घरी."

त्याचा मुलगा प्रज्योत डिकीतून बॅगा काढत होता. त्याचा हात बॅगेच्या पट्ट्यावरच थांबला. वर्ष होत आलं होतं, म्हाताऱ्याच्या तोंडून असं सलग, अर्थाला धरून वाक्य निघालं नव्हतं. उलव्याच्या घरात, चौदाव्या मजल्यावर, तो सकाळपासून खिडकीपाशी बसून असायचा आणि बोलला तर एखादा सुटा शब्द बोलायचा. पानी. पेटव. कुठं गेली. कोण गेली, काय पेटवायचं, ते कुणाला कळत नसे आणि हळूहळू कुणी विचारेनासं झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा आजार असाच पुढं जाणार, आजचं आधी पुसणार आणि जुनं शेवटी. आणि आता हाच माणूस चौलच्या मागच्या एका बुटक्या डोंगराच्या पायथ्याशी, फरशी घातलेल्या पार्किंगमध्ये, काठी टेकून ताठ उभा होता आणि नाकपुड्या फुगवून वास घेत होता. वाळलेल्या गवताचा, आंब्याच्या मोहोराचा आणि रिसॉर्टच्या किचनमधून येणाऱ्या फोडणीचा वास. पूनमच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, मी म्हणत नव्हते?" ती नवऱ्याला म्हणाली, "हवापालट केला की फरक पडतो. तुम्हालाच वेळ नसतो." प्रज्योत हो म्हणाला. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण नको तिकडे बघायला लागावं तसं त्यानं डोंगराकडे पाहिलं.

डोंगर साधाच होता. ह्या किनाऱ्याला असे पुष्कळ आहेत. फार उंच नाहीत, फार अवघड नाहीत, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी त्यांची पाठ तेवढी वर दिसते. डाव्या अंगाला एक खांदा, मध्ये काळ्या कातळाचा उघडा पट्टा, त्याच्या खाली झाडी. ऋत्विक नावाचा रिसॉर्टचा तरुण मॅनेजर स्वागताला आला, गळ्यात दुर्बीण लटकवून. त्यानं हातात कोकम सरबताचे पेले दिले आणि पाठ केलेलं बोलायला लागला. "मुंबईचे बहुतेक गेस्ट बोटीनं मांडव्याला उतरतात सर, आणि तासाभरात इथं. राजधानीच्या इतक्या जवळ असा अनटच्ड डोंगर दुसरा नाही. आम्ही एक झाड तोडलेलं नाही." प्रज्योत ऐकत होता, पण त्याचे डोळे आपल्या सवयीनं कामाला लागले होते. रॅम्प डाव्या खांद्याकडून काढता येईल. कातळाच्या पट्ट्याखाली मुरूम असणार, लाल, चांगल्या प्रतीचा, पहिले काही महिने सुरुंगाची गरज पडायची नाही. डंपर वळवायला पार्किंगची जागा पुरेल. हे सगळं त्यानं ठरवून पाहिलं नव्हतं. कसायाला बोकड दिसावा तसा त्याला डोंगर दिसायचा. महाबळेश्वरला, केरळला, सिमल्याला, पूनम म्हणेल तिथं तो दरवर्षी सुट्टीला जायचा, कडेला उभं राहून फोटो काढून घ्यायचा, आणि फोटोतला त्याचा चेहरा नेहमी हिशेबात गुंतलेल्या माणसाचा यायचा. पूनमला वाटायचं त्याला उंचीची भीती वाटते.

त्यांचा स्वतःचा डोंगर उरणच्या बाजूला होता. डोंगर, त्याच्या पूर्वेच्या अंगाला गाव, गावापुढं भातखाचरं, मग मिठागरं, मग खाडी. डोंगराला नाव नव्हतं. ज्याच्यासारखं जवळ दुसरं नसतं त्याला नाव लागत नाही. गावातली सकाळ उन्हाची आणि दुपार कलली की सगळी घरं डोंगराच्या सावलीत. बंदरासाठी आधी मिठागरं गेली, मग खाचरं गेली, भरपाई आली, ती कुणी गाड्यांत घातली, कुणी बंगल्यांत, कुणी बाटलीत. प्रज्योतनं डंपर घेतला. गावातला पहिला डंपर त्याचा. बंदराच्या मागं खाडीकाठच्या खाजणात भराव घालायचं काम निघालं होतं आणि भरावाला माती हवी होती. माती लांबून आणायची तर परवडत नव्हती, आणि डोंगर उशाशी होता. घराघराचा त्यात वरकस जमिनीचा तुकडा होता, गवताशिवाय त्यात काही येत नव्हतं. लोक स्वतःहून त्याच्याकडे आले, आमचाबी घे म्हणाले. त्यानं कुणाला फसवलं नाही. हे तो स्वतःला अजून सांगायचा, आणि ते खरंही होतं. काही वर्षांत डोंगर निम्मा झाला, मग पाव, मग एक दिवस संध्याकाळी सगळं गाव ओट्यावर येऊन उभं राहिलं, कारण घरांच्या मागून ऊन आलं होतं. त्या गावानं कधी मावळता सूर्य पाहिला नव्हता. पोरं नाचली. मग रोजच ते ऊन यायला लागलं, तिरपं, घराच्या पार आतपर्यंत, चुलीपर्यंत, आणि बायकांनी मागल्या दारांना जुनी लुगडी बांधली. त्याच्या आईनं, कमळनं, बांधलं ते हिरवं होतं. संध्याकाळी घरभर हिरवा उजेड पडायचा आणि त्यात आईचा चेहरा आजाऱ्यासारखा दिसायचा. ती खरंच आजारी होती हे कळायला त्याला उशीर झाला.

रात्री म्हातारा लवकर झोपला, गाढ झोपला, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून काठी घेऊन बाहेर येऊन बसला. ऋत्विकनं पाहुण्यांना रानातून फिरवून आणायचं ठरवलं होतं. दहा-बारा माणसं होती, पायांत नवे बूट, डोक्यावर टोप्या. हिरामणला खालीच ठेवावं असं पूनमचं मत पडलं, पण म्हातारा कुणाला विचारत नव्हता. तो सगळ्यांच्या पुढं चालायला लागला होता. "काका एकदम फिट आहेत," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. प्रज्योत त्याच्या मागून निघाला. बापाची पाठ त्याच्यासमोर होती, खाली वाकलेली, सदऱ्यातून खांद्यांचे फरे वर आलेले. घरात ह्याच माणसाला संडासापर्यंत धरून न्यावं लागत होतं. इथं त्याचा पाय दगड बघून पडत होता, काठी आधी टेकून मग वजन टाकत होता. मागून ऋत्विकचा आवाज येत होता, हा पक्षी अमुक, हा वेल तमुक, शांत राहा म्हणजे दिसेल. मग तो आवाजही मागं पडला. प्रज्योतला धाप लागली. त्याच्या लक्षात आलं की आपण लहानपणानंतर कुठल्याच डोंगरावर पायी चढलेलो नाही. आपल्या डोंगरावर तो जीपनं जायचा.

एका वळणाशी हिरामण पायवाट सोडून गवतात शिरला. प्रज्योत हाक मारणार होता, "बाबा, तिकडं कुठं", तोवर म्हातारा एका मोठ्या फिकट दगडापाशी जाऊन थांबलासुद्धा. गुडघ्याएवढं पिवळं गवत, बाजूला ऐनाचं झाड, आणि खाली झाडीच्या फटीतून समुद्राचा एक राखाडी तुकडा. म्हाताऱ्यानं मागं वळून पाहिलं. त्याची नजर स्वच्छ होती, इतकी की प्रज्योतला तिची लाज वाटली.

"रतन," तो म्हणाला, "चप्पल काढ."

रतन म्हणजे प्रज्योतचा काका. वारल्याला कैक वर्षं झाली होती. कपाळ आणि नाक तू काकाचं घेतलंस, असं घरात सगळे म्हणत. प्रज्योतनं इकडेतिकडे पाहिलं, आणि का ते न कळता बूट काढले. गवताची खुंटं मोज्यातून टोचली.

"हितंच ना रं?" हिरामणनं विचारलं. "का जरा खालतं?"

"काय हितं?"

"इसरलास? तूच खड्डा खनलास. माझं हात चालत नव्हतं." तो दगडाला धरून हळूहळू खाली बसला. गवतावरून त्यानं तळवा फिरवला, झोपलेल्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. "येसू," तो म्हणाला. "ए येसू."

कोण येसू, हे प्रज्योतच्या ओठांपर्यंत आलं. पण रतननं ते विचारलं नसतं. रतनला माहीत असणार होतं. म्हणून तो गप्प राहिला, आणि त्याच्या गप्प राहण्यावरच म्हातारा बोलत गेला, थांबत, धापा टाकत, पण कुठंही न चुकता. पोरगी चालायला लागली होती. भिंतीला धरून चालायची आणि आपल्याच पायांकडे बघून हसायची. आषाढात ताप आला. खाडी फुगलेली, उरणला डॉक्टरकडे न्यायला कुणी होडी काढेना. "तिसऱ्या दिशी गार जाली. कमळ सोडीना तिला. सांज जाली तरी सोडीना. तू घेतलीस तिच्या हातांतनं, तुझ्यावर तिचा राग नव्हता म्हनून. मी घेतली असती तर मना मारला असता तिनं." तो हसला, तोंडात दात नसलेलं, ओलं हसू. "लहान पोराला जालीत न्हायत ना. म्हनून हितं आनली. हा दगड जागा वलखाया."

प्रज्योत ऐकत होता आणि त्याच्या डोक्यात कुठंतरी वर्षं मागंपुढं होऊन आपापल्या जागी बसत होती. आई गवताचा भारा घेऊन डोंगरावरून यायची ती सगळ्या बायकांच्या मागून, एकटी, आणि आल्याबरोबर आधी रांजणापाशी जाऊन तोंड धुवायची. तो दारात वाट बघत असायचा, भुकेला, आणि तिच्या लाल डोळ्यांकडे बघून त्याला वाटायचं, उन्हानं झालेत. त्याच्या आषाढातल्या वाढदिवसाला ती कधी गोड करायची नाही. दुसऱ्या दिवशी करायची. तो रुसायचा. म्हणजे त्याच्या आधी त्या घरात कुणीतरी भिंत धरून चाललं होतं, त्याच भिंती धरून तो चालला असणार, आणि त्याला पहिलं पाऊल टाकताना बघून दोघं नवराबायको एकमेकांकडे बघायचं टाळत असणार. आणि कुणी, चुकून, एका शब्दानं...

"प्रज्योतला का न्हाय सांगितलं?" त्यानं विचारलं. आपलाच आवाज त्याला परका वाटला.

"कमळनं शपथ घातली ना. प्रज्योत जाला तवा म्हनाली, ह्याच्यावर तिची सावली नको. ह्याला कंदी सांगायचं न्हाय. मंग मी कसा सांगू? कागदावर सही घ्याला आला तवाबी न्हाय सांगितला. नुसता म्हनलो, बाबा, सगला घे, पन त्या पांढऱ्या दगडाची बाजू ठेव. तो म्हनला, ठेवतो." हिरामणनं मान वर करून आजूबाजूला पाहिलं. झाडी, कातळाचा पट्टा, डावा खांदा. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "आन बघ, ठेवली त्यानं. लोक काय काय बोलले त्याला. पोरगा शब्दाचा पक्का हाय माझा."

ठेवतो असं तो म्हणाला होता. ते त्याला आठवत होतं. ओट्यावर बसून, फोन कानाशी, पलीकडच्या माणसाला जरा थांब म्हणून तो म्हणाला होता, ठेवतो रं बाबा. म्हाताऱ्याचा कुठलातरी देवबीव असेल असं त्याला वाटलं होतं, आणि ठेवलीही होती ती बाजू, बराच काळ. सगळा डोंगर गेला तरी तेवढा एक सुळका उभा होता, वर पांढरा दगड आणि दोन झाडं, चोहोबाजूंनी सरळ कापलेला, एखाद्या विसरलेल्या दातासारखा. येणारेजाणारे हसायचे. पुढच्या कामाला माती कमी पडली तेव्हा पोकलेन चालवणाऱ्या विनेशनं विचारलं, शेठ, हेचा काय करायचा, आणि तो म्हणाला, आता काय ठेवायचा, घे. दुपारी विनेशचाच फोन आला. "शेठ, तुमची आई मशीनपुढं येऊन उभी हाय. काय बोलत न्हाय, हलत न्हाय." तो तणतणत गेला होता. सगळे ड्रायव्हर डंपर बंद करून उभे होते, बघत होते. आई धुळीत उभी, पदर डोक्यावरून, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. तिनं मशीनकडे बघितलं नाही, त्याच्याकडे बघितलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो म्हणाला, "आये, लोकं हसतात. चल घरी." ती म्हणाली, "मी कुठं काय म्हनते? उभी ऱ्हायले नुसती." त्यानं तिला जीपमध्ये बसवून पाठवून दिलं. मशीनचा आवाज सुरू झाला तो जीप वळणावर पोचायच्या आत. तिची शपथ तिच्याच तोंडावर बसली होती, आणि तो चिडून घड्याळ बघत होता. दिवाळीनंतर ती गेली.

ती माती कुठं गेली असेल? कुठल्या गाडीत, कुठल्या फेरीत? त्याच्या गाड्या तेव्हा तीन पाळ्यांत चालत होत्या, एकामागून एक खाली होत होत्या, वरून रोलर फिरत होता. इतक्या वर्षांत तिथं काही उरलंही नसेल, दुधाच्या दाताएवढंही. पण काही नसलं तरी ते जे काही नव्हतं, ते आईला ठाऊक होतं त्या जागी होतं. तो म्हाताऱ्याच्या शेजारी गवतात बसला. हा डोंगर दुसऱ्याचा होता. इथं कुणीही पुरलेलं नव्हतं. हा दगड कुठलाही दगड होता. आणि बाप त्याच्यावरून हात फिरवत होता, आणि जगात आता येसू असलीच तर ती फक्त ह्या हाताखाली होती.

मागून माणसांचा आवाज आला. ऋत्विक मंडळींना घेऊन वळणावर पोचला होता. "सर, प्लीज, ट्रेल सोडून जाऊ नका," तो वाटेवरूनच अदबीनं म्हणाला. "आपण इथले पाहुणे आहोत." पूनमनं त्या दोघांना गवतात शेजारी शेजारी बसलेलं पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "हलू नका," ती म्हणाली आणि तिनं फोन काढला. "बाबा, इकडं बघा. किती छान दिसताय दोघं." तिच्या शेजारच्या टोपीवाल्या बाईंनीही फोटो काढला. "रूट्स," त्या हळूच म्हणाल्या, "ह्या पिढीकडं आहेत अजून." हिरामणनं त्या सगळ्यांकडे पाहिलं, त्यांच्या बुटांकडे पाहिलं, आणि प्रज्योतच्या कानाशी येऊन विचारलं, "ही कोन मानसं? मशीनवाली हायत?"

"न्हाय दादा," प्रज्योत म्हणाला. बापाला दादा म्हणताना त्याची जीभ अडली नाही, ह्याचं त्याला आश्चर्य वाटलं. "बघायला आल्यात नुसती."

"आज बघायला येतील, उद्या मोजायला येतील." म्हातारा काठी रोवून उठायला लागला. "ऐक. त्याला आता सांगाया पायजे. प्रज्योतला. आज त्यानं ठेवलीया, पन हमेशा तोच थोडा असनार हाय? कमळ गेली, शपथ सुटली. मी सांगतो त्याला. म्हनतो, बाबा, तुझी बहीन हाय तिथं. मंग न्हाय कुनाला हात लावू देनार तो. तू फकस्त संगती चल."

"व्हय," प्रज्योत म्हणाला.

"चल तर. आत्ताच चल."

त्यांना दोन रात्री राहायचं होतं, पण म्हातारा खाली आला तो सरळ गाडीत जाऊन बसला आणि उतरेना. पूनम चिडली. तिला वाटलं नवऱ्यालाच कामावर परतायची घाई आहे, बापाचं निमित्त. प्रज्योतनं तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होता? गाडी चालवताना तो आरशातून मागं बघत होता. हिरामण खिडकीकडे न बघता समोर बघत बसला होता, ओठ हलवत. मधूनच एखादा शब्द ऐकू यायचा. "बहीन... तुझ्याआधीची... तुझ्या आयशीनं..." तो जुळवत होता. अवघड गोष्ट सांगायला निघालेला माणूस जुळवतो तसा, पुन्हापुन्हा, पहिल्यापासून. पेणच्या पुढं ट्रेलरच्या रांगा लागल्या. पुढं रस्ता बंदरामागच्या त्या भरावावरून जायचा, आणि दोन्ही बाजूंना कंटेनर एकावर एक रचलेले, निळे, तांबडे, गंजके, बघता बघता आभाळ अरुंद झालं. प्रज्योतनं काच वर केली. इथं आधी खाजण होतं, पाण्यात बगळे उभे असायचे. गाडी गुळगुळीत चालत होती. भराव चांगला बसला होता. कुठंही खड्डा नव्हता, कुठंही खचलं नव्हतं, आणि असं काम करणारा माणूस म्हणून त्याचं नाव होतं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. पूनमनं दार उघडलं, आत जाऊन पडदे सारले. हिरामण आत आला, पण त्यानं चपला काढल्या नाहीत. सोफ्याच्या कडेवर तो बसला, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून, परक्या घरी कामासाठी आल्यासारखा. त्यानं हॉलभर नजर फिरवली.

"कुठं हाय तो?"

"कोण, बाबा?" पूनमनं विचारलं.

"प्रज्योत."

पूनम हसली. "अहो बाबा, हे काय तुमच्या समोर..." प्रज्योतनं हात वर करून तिला थांबवलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते बघून ती पाण्याचा पेला हातात तसाच धरून उभी राहिली. प्रज्योत म्हाताऱ्यापुढं उभा होता, अगदी दोन हातांवर. मीच तो, म्हणायचं की झालं. मीच तो, बाबा, आणि मी न्हाय ठेवली. म्हातारा त्याच्याकडे बघत होता, धाकट्या भावाकडे बघावं तशा विश्वासानं.

"भायेर गेलाय, दादा," तो म्हणाला. "साइटवर."

"येल ना?"

"येल."

"मंग मी थांबतो." हिरामणनं सोफ्यावर शेजारी हात थापटला. "तूबी बस की. उभा का? मी इसरलो कुठं तर तू हायस म्हनून."

प्रज्योत बसला. पूनम आत निघून गेली. बाहेर अंधार होत गेला तरी त्यांच्यापैकी कुणी उठून दिवा लावला नाही. अधूनमधून लिफ्ट वर यायची, त्यांच्या मजल्यावर थांबायची, कुणाच्या तरी चपला वाजत पलीकडच्या दारापर्यंत जायच्या. लिफ्टचा आवाज आला की म्हातारा सावरून बसायचा, घसा साफ करायचा. आणि दर वेळी प्रज्योतही दाराकडे वळून बघायचा, की आता ते उघडेल आणि तो आत येईल.